परताव्याचे पैसे कोणाच्या तिजोरीतून? ग्वामचा ‘आरसा-कायदा’ आणि कराहून जादा क्रेडिट

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. प्राप्तिकर, त्यातलं क्रेडिट, आणि तेही पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचं. पण विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे. एक सरकार कायदा करून लोकांना पैसे देण्याचं वचन देतं आणि ते पैसे मोजायचे असतात दुसऱ्याच सरकारने. अशा वेळी त्या वचनाचं काय होतं? ग्वाममध्ये हा प्रयोग प्रत्यक्ष घडला आणि त्याची किंमत कमी पगाराच्या कुटुंबांनी मोजली. आज आपण तेच टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

आधी ‘क्रेडिट’ म्हणजे काय ते पाहू

करात सवलत देण्याचे तीन प्रकार आपण वेगळे ठेवू या. पहिला प्रकार वजावटीचा. तुमचं उत्पन्न शंभर, त्यातून वीस वजा, उरलेल्या ऐंशीवर कर. दुसरा प्रकार क्रेडिटचा. इथे उत्पन्नातून नव्हे, तर थेट करातूनच रक्कम वजा होते. कर दहा आला आणि क्रेडिट सहा असेल, तर चार भरायचे.

आता कर दहा आणि क्रेडिट पंधरा असेल तर? बहुतेक वेळा कर शून्य होतो आणि वरचे पाच सोडून द्यावे लागतात. आपल्याकडच्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८७अ आठवा. त्यातली सूट कर शून्यावर आणते, पण शून्याच्या खाली नेत नाही. कर लागलाच नसेल, तर त्या सूटीपोटी कोणी तुमच्या खात्यात पैसे जमा करत नाही.

तिसरा प्रकार मात्र निराळा आहे. कर शून्य झाल्यावर उरलेले ते पाच सरकार रोख देतं. याला ‘रिफंडेबल’ क्रेडिट म्हणतात. कराहून जास्त ठरलेल्या या भागाला आज आपण ‘जादा क्रेडिट’ म्हणू. ही रक्कम त्या माणसाने आधी भरलेली नसते. कागदोपत्री ती प्रवास करते करविवरणपत्रातून, पण स्वभावाने ती सरकारी खर्चच असते, अनुदानासारखी.

हा फरक नीट लक्षात ठेवा. ‘रिफंड’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पगारातून जास्त कापला गेलेला कर परत मिळतो, ते आपलेच पैसे असतात. जादा क्रेडिट मिळतं, ते सरकारने दिलेलं असतं. दोन्ही एकाच चेकने येतात, त्यामुळे घरच्यांना फरक कळत नाही आणि त्यांना तो कळण्याची गरजही नसते. तिजोरी सांभाळणाऱ्याला मात्र तो बरोबर कळतो.

एक उदाहरण आकड्यांत

अमेरिकेत ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ नावाचं क्रेडिट १९७५ पासून आहे. लोक त्याला ईआयटीसी म्हणतात, आपणही तेच म्हणू. काम करून कमी कमावणाऱ्यांसाठी ते आहे. काम नसेल तर क्रेडिट नाही. कमाई वाढते तसं ते आधी वाढतं, मग काही काळ स्थिर राहतं आणि पुढे हळूहळू घटत जातं.

समजा, दोन लहान मुलं एकटीने वाढवणारी एक आई आहे. २०२४ सालात तिने नोकरी करून २०,००० डॉलर कमावले. तिच्या वर्गातल्या करदात्यांसाठी त्या वर्षीची प्रमाणित वजावट २१,९०० डॉलर होती. म्हणजे करपात्र उत्पन्न शून्य आणि करही शून्य. दोन मुलांसाठी त्या वर्षीचं ईआयटीसी जास्तीत जास्त ६,९६० डॉलर होतं, आणि तिची कमाई बरोबर त्या स्थिर टप्प्यात बसते, म्हणून तिला ते पूर्ण मिळतं. शिवाय मुलांसाठीच्या ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’चा परत मिळणारा भाग असतो. २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईचे १५ टक्के, म्हणजे १७,५०० चे १५ टक्के, २,६२५ डॉलर. दोन्ही मिळून ९,५८५ डॉलर. कर शून्यच आहे, त्यामुळे ही सगळीच्या सगळी रक्कम जादा क्रेडिट झाली.

वर्षाला वीस हजार कमावणाऱ्या घरात साडेनऊ हजार एकरकमी येतात, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांचा पगार. थकलेलं भाडं, गाडीची दुरुस्ती, मुलांची फी हे सगळं त्या चेकवर अडून राहिलेलं असतं. तो चेक एप्रिलमध्ये आला की पुढल्या वर्षी आला, याने त्या घराचं गणित पार बदलतं.

ही आई टेक्सासमध्ये राहत असेल, तर गोष्ट इथेच संपते. वॉशिंग्टनची तिजोरी पैसे देते. ती ग्वाममध्ये राहत असेल, तर खरी गोष्ट इथून सुरू होते.

आरशातला कायदा

ग्वाम हे पश्चिम पॅसिफिकमधलं बेट. हवाईपासून सुमारे सहा हजार किलोमीटर दूर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,५३,८३६, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून ते अमेरिकेकडे आलं. १९५० साली अमेरिकी काँग्रेसने ग्वामसाठी ‘ऑरगॅनिक ॲक्ट’ केला. त्याने तिथल्या लोकांना नागरिकत्व दिलं आणि बेटाला नागरी सरकार दिलं. पण ग्वाम राज्य झालं नाही, ते ‘टेरिटरी’ राहिलं. तिथले रहिवासी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. प्रतिनिधिगृहात त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, पण विधेयक मंजूर होताना सभागृहात त्याचं मत मोजलं जात नाही.

याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये कराची एक गमतीशीर युक्ती आहे. अमेरिकेचा प्राप्तिकर कायदा जसाच्या तसा ग्वामला लागू, फक्त जिथे ‘युनायटेड स्टेट्स’ लिहिलंय तिथे ‘ग्वाम’ वाचायचं. म्हणून याला ‘मिरर कोड’ म्हणतात, आपण त्याला आरसा-कायदा म्हणू. व्हर्जिन बेटांना अशीच व्यवस्था १९२१ पासून आहे. उत्तर मारियाना बेटांना ती अमेरिकेशी झालेल्या करारातून मिळाली. १९७६ मध्ये काँग्रेसने तो करार मंजूर केला.

याचा व्यवहारात अर्थ काय? ग्वामचा रहिवासी आपलं विवरणपत्र ग्वामच्या महसूल व कर विभागाकडे भरतो. कर ग्वामच्या तिजोरीत जातो आणि तिथेच राहतो. एवढंच नव्हे, तर ग्वाममध्ये तैनात असलेल्या सैनिकांचा आणि फेडरल नोकरांचा प्राप्तिकरही वॉशिंग्टन गोळा करून ग्वामकडे वळवतं. कलम ३० मध्ये तशी तरतूद आहे. तेव्हा ग्वामच्या वाट्याला या व्यवस्थेत काहीच आलं नाही, असं कोणी म्हणू नये. उत्पन्न आलं आणि चांगलं आलं.

पण आरसा निवड करत नाही. समोर जे उभं राहील ते सगळं त्यात दिसतं. दर दिसतात, वजावटी दिसतात, तशी क्रेडिटंही दिसतात. वॉशिंग्टनने ईआयटीसी वाढवलं की दुसऱ्या क्षणी ग्वामचा खर्च वाढला. ग्वामच्या विधिमंडळाने त्यावर चर्चा केलेली नसते, अंदाजपत्रकात तरतूद केलेली नसते. १९८६ च्या करसुधारणेत ग्वामला स्वतःचा वेगळा प्राप्तिकर कायदा करण्याची वाट काढून दिली होती, पण ग्वाम आजही आरशावरच चालतं.

आणि इथे एक विसंगती आहे. ईआयटीसी आणताना एक मुख्य विचार असा होता की कमी पगारावरही सोशल सिक्युरिटीचा कर पहिल्या डॉलरपासून कापला जातो. त्याचा भार या क्रेडिटने हलका करावा. आपल्या उदाहरणातल्या आईच्या २०,००० डॉलरवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापले जातात, १,५३० डॉलर. ग्वामच्या कामगारालाही हे भरावे लागतात आणि ते जातात थेट वॉशिंग्टनच्या निधीत. म्हणजे भार टाकणारं सरकार एक आणि तो हलका करायला पैसे मोजणारं सरकार दुसरंच.

तिजोरी रिकामी असेल तर सरकार काय करतं?

अशा वेळी टेरिटरीच्या सरकारपुढे तीन मार्ग दिसतात. द्यायचंच नाही, उशिरा द्यायचं, किंवा दिलेल्यातून काही परत घ्यायचं.

पहिला मार्ग ग्वामने अनेक वर्षं चालवला. ईआयटीसी आपल्याला लागू होत नाही, अशी सरकारची भूमिका होती. २००४ मध्ये पात्र रहिवाशांच्या वतीने फेडरल न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. तो पुढे तडजोडीने मिटला आणि मागच्या वर्षांच्या क्रेडिटपोटी पैसे देण्याचं सरकारला मान्य करावं लागलं. आरशाच्या तत्त्वाचा हा सरळ परिणाम होता. आरशातला हवा तो भाग ठेवायचा आणि नको तो पुसायचा, हे टेरिटरीला एकतर्फी करता येत नाही.

दुसरा मार्ग उशिराचा, आणि तो जास्त त्रासाचा. कारण त्यात कोणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘तुमचा रिफंड मंजूर आहे, पण अजून पैसे नाहीत’ एवढंच उत्तर मिळतं. ग्वाममध्ये साधारण दोन दशकं हे चालू होतं. लोक रिफंडसाठी वर्ष वर्ष थांबत आणि तोवर ते पैसे सरकारचा रोजचा खर्च भागवायला वापरले जात. इथे मघाचा फरक आठवा. अडकलेल्या रकमेत जादा क्रेडिट होतं, तसाच लोकांच्या पगारातून जास्त कापलेला त्यांचा स्वतःचा पैसाही होता. तिजोरीत दोन्ही एकत्र, त्यामुळे दोन्ही एकत्र अडकले.

यातून आणखी एक गोष्ट उभी राहिली. ज्यांना तातडीची गरज आहे, त्यांना रिफंड लवकर देण्याची सोय सरकारने ठेवली होती. कल्पना दयाळूपणाची वाटते. प्रत्यक्षात कोणाची गरज खरी आणि कोणाची थांबण्यासारखी, याला पक्के निकष नव्हते. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला शिकण्यासारखा मुद्दा हा आहे. पैसा कमी आणि हक्कदार जास्त झाले की रांग तयार होते, आणि रांगेला नियम नसेल तर हक्काची जागा मेहेरबानी घेते.

या उशिराविरुद्धही सामूहिक दावा झाला. २०१३ मध्ये ग्वामच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. वैध रिफंड सहा महिन्यांच्या आत द्या, असा कायमचा आदेश निघाला, आणि लवकर रिफंड देण्याची ती पद्धत मनमानी, म्हणून समान संरक्षणाच्या घटनात्मक हमीचा भंग करणारी ठरली. २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. दरम्यान थकबाकी फेडण्यासाठी ग्वामने रोखे काढून कर्ज उभारलं होतं. म्हणजे लोकांचं जुनं देणं नव्या देण्याने फेडलं. त्याचं व्याज पुन्हा बेटावरच्याच लोकांच्या करातून जाणार होतं.

तिसरा मार्ग : जादा क्रेडिटवरच कर

आता तिसरा मार्ग. द्यायचं तर आहे, उशीरही करायचा नाही. मग एका हाताने दिलेल्या जादा क्रेडिटवर दुसऱ्या हाताने स्थानिक कर लावला तर?

ग्वामचं पाहू. तिथल्या विधिमंडळाला प्राप्तिकराच्या देण्यावर जास्तीत जास्त १० टक्के इतका वेगळा कर लावण्याची मुभा काँग्रेसने दिलेली आहे. पण ही टक्केवारी मोजायची कराच्या देण्यावर. आपल्या उदाहरणातल्या आईचं देणं शून्य, आणि शून्याचे दहा टक्के शून्यच. ही मुभा जादा क्रेडिटपर्यंत पोचतच नाही.

उत्तर मारियाना बेटांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या करारातल्या कलम ६०१ ने ग्वामसारखाच आरसा-कायदा लागू केला, पण कलम ६०२ ने आरशाच्या जोडीला स्थानिक कायद्याने आणखी कर लावण्याची आणि स्थानिक उत्पन्नावरच्या करात सूट देण्याची मोकळीक दिली. अशी मोकळीक असलेल्या सरकारला कागदावर आरसा अभंग ठेवता येतो आणि शेजारी दुसरा, स्थानिक कायदा उभा करता येतो : क्रेडिट कराहून जितकं जास्त, तितक्या रकमेवर अमुक टक्के कर.

या कराचं गणित करून पाहा. ९,५८५ डॉलरवर दर ४० टक्के असेल, तर ३,८३४ परत तिजोरीत आणि ५,७५१ आईच्या हातात. दर शंभर टक्के असेल, तर क्रेडिट नावाला मिळालं आणि हातात काहीच आलं नाही. पहिल्या मार्गातलं ‘नाही’ आणि या मार्गातलं ‘शंभर टक्के’ यांत आईच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. फरक आहे तो कायद्याच्या चौकटीत. एकात फेडरल कायदा पाळला नाही असं होतं. दुसऱ्यात तो अक्षरशः पाळला आणि त्याचा हेतू मात्र बाजूला ठेवला.

अशा कराच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, ते आम्ही टाळणार नाही. हे क्रेडिट मंजूर करताना आम्हाला कोणी विचारलं नाही, मग आमच्या शाळा-दवाखान्यांचे पैसे त्यात का जावेत, असं टेरिटरीचं सरकार विचारू शकतं. प्रश्न चुकीचा नाही. शिवाय उघडपणे लावलेल्या कराला दर असतो, नियम असतो, विधिमंडळात चर्चा असते. नियम नसलेल्या रांगेपेक्षा ते निश्चित बरं. पण भार पडतो तो बेटावरच्या सर्वांत कमी कमावणाऱ्यांवर. कारण कराहून क्रेडिट जास्त होण्याची वेळ मुख्यतः त्यांच्यावरच येते.

२०२१ मध्ये काय बदललं

११ मार्च २०२१ रोजी अमेरिकेत ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायदा झाला. कोव्हिडच्या मदतीसाठीचा कायदा म्हणून तो आपल्याला माहीत आहे. त्यात टेरिटरींसाठी दोन तरतुदी होत्या. आरसा-कायदा असलेल्या टेरिटरीला चाइल्ड टॅक्स क्रेडिटमुळे जेवढा महसूल गमवावा लागतो, तेवढा वॉशिंग्टनने भरून द्यायचा. आणि ईआयटीसीचा जो खर्च त्या सरकारला येतो, त्याच्या ७५ टक्के रक्कम दरवर्षी द्यायची.

आपल्या आईकडे परत येऊ. ९,५८५ पैकी चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे २,६२५ पूर्ण भरून मिळाले. ईआयटीसीच्या ६,९६० पैकी ७५ टक्के, ५,२२० मिळाले. ग्वामच्या तिजोरीवर उरला १,७४० डॉलरचा भार. आधी जिथे ९,५८५ पूर्ण स्वतःचे मोजावे लागत, तिथे आता साधारण पाचवा हिस्सा.

यामुळे तिसऱ्या मार्गाचा हिशेबही बदलतो. भरपाई मिळते ती क्रेडिटच्या ‘खर्चाची’. सरकारने एका हाताने क्रेडिट दिलं आणि दुसऱ्या हाताने करातून काढून घेतलं, तर खरा खर्च किती झाला? आणि भरपाई घेऊनही कर चालू ठेवला, तर कुटुंबासाठी आलेली मदत तिजोरीत थांबली असा त्याचा अर्थ होतो. जो युक्तिवाद २०२१ च्या आधी समजण्यासारखा होता, तो त्यानंतर बराच दुबळा पडतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, “मग २५ टक्के तरी टेरिटरीने का द्यावेत?” एक उत्तर असं : देणाऱ्याचा स्वतःचाही काही पैसा गुंतलेला असला की दावे तपासण्यात ढिलाई होत नाही. उलट बाजूने असंही म्हणता येतं की टेक्सासला किंवा ओहायोला फेडरल ईआयटीसीसाठी एक डॉलरही मोजावा लागत नाही, मग ग्वामनेच का? दुसऱ्या मुद्द्यात आम्हाला जास्त वजन वाटतं, पण प्राप्तिकराचं सगळं उत्पन्न ग्वामकडेच राहतं हेही त्याच तागडीत ठेवायला हवं.

दुसरा प्रश्न होता, “आपण हे का समजून घ्यायचं?” याचं उत्तर आपल्या रोजच्या वाचनात आहे. कोणतीही सवलत, अनुदान किंवा परतावा जाहीर झाला, की बातमीत रक्कम असते आणि लाभार्थींची संख्या असते. आपण तिसरी गोष्ट विचारायची : हे पैसे कोणत्या तिजोरीतून, कोणत्या तारखेला निघणार? वचन देणारा आणि पैसे मोजणारा एकच आहे का? दोघे वेगळे असतील, तर मधल्या फटीत कोण उभं राहणार, हे आधीच बघून ठेवायचं. ग्वाममध्ये त्या फटीत वीस हजार डॉलर कमावणारी कुटुंबं उभी होती, आणि चेक हातात पडेपर्यंत त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आज इथेच थांबू या. आकडेमोडीचं उदाहरण घरी कागदावर एकदा स्वतः मांडून पाहा. कमाई २०,००० ऐवजी ३०,००० धरली तर जादा क्रेडिटचं काय होतं, याचा अंदाज बांधा. शंका असतील तर पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला त्या घेऊ.